पहिलं पिस्तूल घेताना

शहाद्याजवळच्या पुरुषोत्तमनगरात कुणाची मुलगी पिस्तूल नेमबाजी शिकायची म्हणाली, तर घरचे आधी परवान्याचं विचारतील. शंका रास्त आहे. नेमबाज राही सरनोबतने २०१८ मध्ये जकार्ता-पालेमबांगच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं ते २५ मीटरच्या प्रकारात. तिथे .२२ ची गोळी लागते, म्हणून परवानाही लागतो. सुरुवात मात्र १० मीटर एअर पिस्तुलाने होते. ४.५ मि.मी.पर्यंतचा छर्रा आणि २० ज्यूलपर्यंतची ऊर्जा असलेल्या एअरगनला २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही, आणि स्पर्धेच्या पिस्तुलाची ऊर्जा ६ ज्यूलच्या आसपासच असते.

त्यामुळे ‘जोरात मारतं’ असं सांगून कुणी पिस्तूल विकत असेल, तर ते आपल्या कामाचं नाही. दहा गुणांचं वर्तुळ ११.५ मि.मी. व्यासाचं असतं. ते गाठायला जोर नाही, सारखेपणा लागतो.

सारखेपणा सुरू होतो मुठीपासून. स्पर्धेच्या पिस्तुलाची लाकडी मूठ डाव्या-उजव्या हाताची वेगळी आणि लहान-मध्यम-मोठ्या मापाची असते. पिस्तूल पकडा, डोळे मिटा, हात समोर करा आणि मग डोळे उघडा. पुढची माशी मागच्या खाचेत आपोआप मधोमध दिसली, तर मूठ तुमची. दर वेळी मनगट वळवून जुळवावं लागत असेल, तर मोठ्या कंपनीचं नावही उपयोगाचं नाही. थोडाफार फरक पॉलिश पेपर आणि लाकडाच्या पुट्टीने दुरुस्त करता येतो, मापच चुकलं असेल तर नाही. तर्जनीचं पेर चापावर सरळ टेकलं पाहिजे. आणि मनगट मोकळं हवं. मुठीचा आधार त्याला मिळालेला नियमात चालत नाही.

वजनाची कमाल मर्यादा १५०० ग्रॅम आहे, पण स्पर्धेची बहुतेक पिस्तुलं किलोभराची असतात. ते एका हाताने, ७५ मिनिटांत ६० वेळा उचलायचं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीसाठी आखूड, हलका नमुना बघावा. चाप किमान ५०० ग्रॅम ओढ सहन करणारा हवा. पंच वजन लटकवून तो तपासतात. चाप साधा यांत्रिकच घ्या, इलेक्ट्रॉनिक नको, असं माझं मत. टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकरच्या पिस्तुलात ऐन पात्रता फेरीत बिघाड झाला आणि तिची मोलाची मिनिटं गेली. तिथे निदान मदतीला माणसं होती. शहाद्यात दुरुस्तीवाला शोधायला कुठे जाणार?

आता हवा. स्प्रिंगच्या पिस्तुलाला झटका असतो. कार्बन डायऑक्साइडच्या पिस्तुलाचा दाब उन्हाबरोबर बदलतो, आणि आपल्याकडचा मे महिना तुम्हाला माहीत आहेच. रशियन इझ-४६एमसारखं, दर नेमाआधी दांडा ओढून हवा दाबायचं पिस्तूल अचूक असतं, कशावरही अवलंबून नसतं, फक्त दंड भरून येतो. स्टेयर एलपी२ किंवा हॅमर्ली एपी२० ही नवशिक्यांची पिस्तुलं सिलिंडरवर चालतात. त्यात हवा २०० बारपर्यंत भरतात. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरचा दाब दहा-बारा बारचा, तो इथे कामाचा नाही. सीएनजी पंपावर दाब मिळतो म्हणून तिकडे वळू नका, तो जळणारा वायू आहे. ऑक्सिजनही नको, तेलाच्या अंशाशी गाठ पडली तर स्फोट होतो. हातपंप सोबतच घ्या, किंवा ज्या क्लबात सराव करणार तिथे भरायची सोय आहे का ते आधी विचारा.

पैसे मोजण्याआधी क्लबच्या पिस्तुलावर काही महिने सराव करावा. नवं परदेशी पिस्तूल लाखाच्या पुढे जातं, म्हणून पुष्कळ जण जुनं घेतात. त्यात वाईट काही नाही. फक्त सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचा: त्याचं आयुष्य साधारण दहा वर्षांचं धरतात, आणि मुदत संपलेला सिलिंडर घेऊन स्पर्धेत उतरता येत नाही. नव्या सिलिंडरची किंमत सौद्यातून वजा करूनच भाव ठरवा.