गुडघेदुखी पुन्हा का उलटते?

मंडईतून पहाटे धावत निघून पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढणाऱ्याला गुडघेदुखी असेल, तर ती बहुधा उतरताना अधिक जाणवते. त्या वेळी मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार पेलतो आणि गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडावर जोराने दाबली जाते. १५ दिवस विश्रांती घेतली की वेदना शमते. स्नायू मात्र दुबळाच राहतो. मग पहिल्याच दिवशी पूर्वीइतके अंतर धावले, की दुखणे उलटते. पट्टा बांधल्याने तात्पुरता आधार मिळतो, इतकेच. मांडी व नितंबांच्या स्नायूंचे व्यायाम काही आठवडे नेटाने करावेत, अंतर बेताने वाढवावे, पायऱ्या तूर्त टाळाव्यात. गुडघा सुजला, अडकला किंवा चालताना एकाएकी दगा देऊ लागला, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखविण्यास विलंब करू नये.