विश्लेषण : एकच जागा, पुन्हा पुन्हा फोटो… बदलाचा पुरावा नेमका कसा तयार होतो?

‘तेव्हा आणि आता’ असे दोन फोटो शेजारी शेजारी ठेवलेली पोस्ट कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर येतच असते. आटलेली नदी, नाहीशी झालेली झाडे, उंच उंच होत गेलेले शहर. पाहताक्षणी पटते आणि पुढे पाठवलीही जाते. पण एक फोटो मे महिन्यातला आणि दुसरा ऑगस्टमधला असेल, तर सह्याद्रीतला कोणताही डोंगर ‘उजाड’ किंवा ‘हिरवागार’ करून दाखवता येतो. मग फोटो पुरावा केव्हा ठरतो? अभ्यासक यासाठी ‘रिपीट फोटोग्राफी’ ही पद्धत सव्वाशेहून अधिक वर्षांपासून वापरत आहेत. आता ती प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाइलवरही शक्य आहे.

रिपीट फोटोग्राफी म्हणजे काय?

जुना फोटो जिथून काढला होता, त्याच जागी उभे राहून, त्याच दिशेने आणि शक्यतो त्याच ऋतूत पुन्हा फोटो काढणे. जर्मन गणितज्ञ सेबास्टियन फिन्स्टरवाल्डर यांनी १८८०च्या दशकाच्या अखेरीस आल्प्समधील हिमनद्यांचे मोजमाप करण्यासाठी फोटोंचा वापर सुरू केला. या पद्धतीची सुरुवात तिथून मानली जाते. अमेरिकेत १९७७ ते १९७९ या काळात मार्क क्लेट आणि सहकाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकातील सर्वेक्षणाच्या फोटोंच्या मूळ जागा शोधून काढल्या आणि तिथून नवे फोटो टिपले.

जागा इतकी अचूक का लागते?

याचे उत्तर भूमितीत आहे. गल्लीतला विजेचा खांब आणि त्यामागची इमारत एका रेषेत दिसत असेल, तर चार पावले बाजूला सरकताच खांब इमारतीच्या दुसऱ्या कडेला गेलेला दिसतो. जवळच्या आणि दूरच्या वस्तूंचे हे नाते फक्त उभे राहण्याच्या जागेवर ठरते. झूम करून ते बदलत नाही. त्यामुळे जुन्या फोटोतील जवळचा खडक आणि दूरचे शिखर जुळवत गेले, की मूळ छायाचित्रकार कुठे उभा होता ते सापडते. सावल्यांवरून दिवसातली वेळही ताडता येते.

उलट, जागा बदलली की फसगत होते. दूर जाऊन झूम केले तर मागचा डोंगर मोठा आणि जवळ आल्यासारखा वाटतो, प्रत्यक्षात तो तसूभरही हललेला नसतो.

एव्हरेस्टच्या परिसरात काय दिसले?

१९२१च्या ब्रिटिश मोहिमेत जॉर्ज मॅलरी यांनी एव्हरेस्टच्या उत्तरेकडील रोंगबुक हिमनदीचा फोटो काढला होता. अमेरिकी गिर्यारोहक डेव्हिड ब्रीशर्स यांनी २००७ मध्ये त्याच जागेवरून तेच दृश्य टिपले. शिखर तसेच होते, पण हिमनदीची उंची सुमारे ३२० फुटांनी, म्हणजे जवळपास १०० मीटरने घटली होती.

नेपाळच्या बाजूला इम्जा हिमनदीचे असेच झाले. १९५०च्या दशकातील फोटोंत तिच्यावर पाण्याची लहान डबकी दिसतात. अभ्यासक आल्टन बायर्स यांनी २००७ मध्ये तिथून पुन्हा फोटो काढले, तेव्हा सुमारे एक चौरस किलोमीटरचा तलाव तयार झालेला होता. असा तलाव फुटला तर खालच्या गावांना पुराचा धोका असतो. त्यामुळेच २०१६ मध्ये नेपाळने कालवा काढून या तलावाची पातळी सुमारे ३.४ मीटरने खाली आणली.

नेहमी ऱ्हासच दिसतो का?

नाही, आणि या पद्धतीची विश्वासार्हता त्यातच आहे. हिमालयातील जंगले झपाट्याने संपत चालल्याची चर्चा १९७०-८०च्या दशकांत जोरात होती. मात्र एव्हरेस्टच्या पायथ्याच्या खुंबू भागात बायर्स यांनी जुने-नवे फोटो ताडून पाहिले, तेव्हा अनेक ठिकाणची जंगले टिकून असल्याचे दिसले. मोठे नुकसान झाले होते ते त्याहून वर, जुनिपरच्या झुडपांचे. लॉज आणि मोहिमांच्या सरपणासाठी ती तोडली जात होती. समस्या खरीच होती, पण लोक शोधत होते त्याहून वेगळ्या जागी.

शहरांत याचा उपयोग काय?

चिलीत जन्मलेले छायाचित्रकार कामिलो होसे व्हर्गारा यांनी १९७०च्या दशकापासून न्यूयॉर्कच्या हार्लेमसह अमेरिकेतील गरीब वस्त्यांतील त्याच त्या इमारतींचे फोटो वर्षानुवर्षे काढले. हार्लेममधील एका दुकानाच्या दर्शनी भागात १९७७ मध्ये नाइट क्लब दिसतो, नंतर खाद्यपदार्थांचे दुकान आणि पुढे गाद्यांचे. वस्तीत कोणाची ऐपत वाढली, कोण निघून गेले, हे एका दारावरून वाचता येते. हा संग्रह आता अमेरिकेच्या ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’मध्ये आहे.

भारतात हेच तत्त्व सरकारी कामांत आले आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात घराच्या ठरावीक टप्प्यांवर जिओ-टॅग केलेले फोटो अपलोड करावे लागतात आणि पुढचा हप्ता त्याच्याशी जोडलेला असतो. मात्र जिओ-टॅगची मर्यादाही लक्षात घ्यायला हवी. मोकळ्या आकाशाखाली मोबाइलचे जीपीएस साधारण ५ मीटरपर्यंत अचूक असते, उंच इमारतींत ही चूक वाढते. ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो वेगळ्या कोनातून असतील, तर ठिकाण जुळूनही तुलना होत नाही.

मोबाइलवर हे कसे जमेल?

ऑस्ट्रेलियात २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘कोस्टस्नॅप’ उपक्रमात किनाऱ्यावर मोबाइल ठेवण्यासाठी धातूची खाच बसवली आहे. येणारा-जाणारा त्यात फोन टेकवून फोटो काढतो. कोन ठरलेला असल्याने त्या फोटोंवरून किनारा किती मागे-पुढे सरकला ते मोजता येते.

घराजवळ हाच प्रयोग करण्यासाठी :

● न हलणारी जागा निवडा : कठड्याचा कोपरा, पुलाचा खांब, गच्चीची कड. फोन त्यावर टेकवा.
● झूम न करता दर वेळी तीच लेन्स वापरा. स्क्रीनवरील ग्रिड सुरू ठेवून एखादी कायमची खूण त्याच चौकटीत आणा.
● तारीख आणि वेळ ठरवून घ्या. समुद्रकिनारा असेल तर तिथी पाहा. अमावास्या-पौर्णिमेच्या ओहोटीला पाणी जितके आत जाते, तितके अष्टमीला जात नाही.
● मूळ फाइल जपा. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवल्यास तारीख आणि ठिकाणाची माहिती निघून जाते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवल्यास ती टिकते.
● बागेसाठी वर्षभर थांबण्याची तयारी ठेवा. आंब्याच्या मोहराची तुलना मागच्या वर्षीच्या मोहराशीच करता येते.

काही बदलांना वर्षही पुरत नाही. कास पठारावरील टोपली कारवी साधारण सात वर्षांनी एकदा बहरते. लागोपाठच्या दोन वर्षांचे फोटो पाहून ती ‘नष्ट झाली’ म्हणणे घाईचे ठरेल.

व्हायरल जोडफोटो कसा तपासावा?

दोन्ही फोटोंत न बदललेली वस्तू आधी शोधा : कळस, डोंगराची कड, पाण्याची टाकी. तिच्यापुढच्या वस्तू तिच्याशी तशाच जुळत नसतील, तर जागा वेगळी आहे. मग ऋतू, सावली आणि तारीख पाहा. यातले काहीच दिलेले नसेल, तर ती पोस्ट दावा आहे, पुरावा नव्हे.

अडचण एवढीच, की ‘आधी’चा फोटो नंतर काढता येत नाही. रस्तारुंदीकरणात वडाचे झाड गेल्यावर, ओढा बुजल्यावर किंवा जुना वाडा पाडल्यावर तिथे काय होते यावर वाद होतात, आणि अनेकदा कोणाकडेच जुळणारा फोटो नसतो. आज ज्याचा फोटो काढण्यासारखे काही वाटत नाही, त्याच कोपऱ्याचा फोटो दहा वर्षांनी शोधला जाईल.