त्रेपन्न दिवसांचा फोन

२०१६ च्या सप्टेंबरात विमानाने प्रवास केलेल्यांना ती सूचना आठवत असेल. पट्टा बांधा, खुर्ची सरळ करा, आणि तुमच्याजवळ सॅमसंगचा गॅलेक्सी नोट ७ असेल तर तो बंद ठेवा, चार्ज करू नका. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने ९ सप्टेंबरला त्या फोनच्या वापरावर विमानात बंदी घातली होती. हा फोन भारतात विकायला आलेलाच नव्हता. ऑगस्टमध्ये त्याची इथे घोषणा झाली, ५९,९०० रुपये किंमत ठरली, २ सप्टेंबरपासून विक्री सुरू व्हायची होती; आणि नेमक्या त्याच दिवशी कंपनीने सोलमध्ये पत्रकार परिषद घेऊन जगभर गेलेला माल परत मागवला. फोनचं दर्शनही न झालेल्या भारतीय प्रवाशाला त्याचं नाव कळलं ते धोक्याची वस्तू म्हणून. महिनाअखेरीस सिंगापूरहून चेन्नईला येणाऱ्या इंडिगोच्या विमानात सामानाच्या कप्प्यातून धूर आला. तो निघाला नोट २ मधून, म्हणजे चार वर्षं जुन्या फोनमधून. तरी चर्चा झाली ती 'नोट'चीच.

एका कंपनीच्या फोनमध्ये सुरक्षेचा दोष निघाला की बाकीच्यांची चांदी होते, असं आपण धरून चालतो. त्यानंतरच्या काळाकडे मागे वळून पाहिलं, तर हिशेब इतका सरळ निघत नाही.

नोट ७ न्यूयॉर्कमध्ये २ ऑगस्ट २०१६ रोजी दाखवला गेला. आधीचा नोट ५ होता. मधला सहा आकडा गाळला, कारण कंपनीच्याच गॅलेक्सी एस७ च्या शेजारी 'सहा' मागे पडल्यासारखा दिसला असता. सप्टेंबरात ॲपलचा नवा आयफोन येणार हे ठरलेलं होतं आणि त्याआधी दुकानात पोहोचायचं होतं. नोट ५ मधली बॅटरी ३,००० एमएएचची होती, नोट ७ मध्ये ती ३,५०० ची झाली. बुबुळ ओळखणारा कॅमेरा, दोन्ही कडांना वळलेला पडदा, पाण्यात टिकणारी बांधणी हे सगळं बसवूनही फोन सडपातळच ठेवायचा होता. १९ ऑगस्टला विक्री सुरू झाली. परीक्षकांनी त्याला त्या वर्षीचा सर्वोत्तम अँड्रॉइड फोन म्हणायला सुरुवात केली होती, आणि मला वाटतं ते चूक नव्हतं. दोन आठवड्यांत फोन पेटल्याच्या ३५ तक्रारी कंपनीकडे जमा झाल्या. मोबाइल विभागाचे प्रमुख कोह डोंग-जिन यांनी २ सप्टेंबरला वाकून माफी मागितली आणि २५ लाख फोन परत घेण्याची घोषणा केली.

इथपर्यंत सगळ्यांनी कंपनीच्या तत्परतेचं कौतुकच केलं. पण ती घाई पुढे अंगलट आली. अमेरिकेत अशी माघार ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाला बरोबर घेऊन करायची असते. सॅमसंगने आधी स्वतःच फोन बदलून द्यायला सुरुवात केली, अधिकृत माघार १५ सप्टेंबरला जाहीर झाली. त्या दिवशी आयोगाने आकडे मांडले : अमेरिकेत बॅटरी तापल्याच्या ९२ नोंदी, २६ माणसं भाजलेली, ५५ ठिकाणी मालमत्तेचं नुकसान. दरम्यान ७ सप्टेंबरला आयफोन ७ आला होता.

बदलून दिलेले फोन सुरक्षित आहेत असं सांगण्यात आलं. पडद्यावरचं बॅटरीचं चिन्ह हिरवं केलं, म्हणजे ग्राहकाने निर्धास्त व्हावं. ५ ऑक्टोबरला अमेरिकेत लुईव्हिल विमानतळावर साउथवेस्टचं विमान उड्डाणाआधीच रिकामं करावं लागलं. धूर येत होता तो बदलून दिलेल्या नोट ७ मधून. ११ ऑक्टोबरला उत्पादन कायमचं थांबलं. विक्री सुरू झाल्यापासून ५३ दिवस झाले होते. त्याच दिवशी सोलच्या बाजारात सॅमसंग इलेक्ट्रॉनिक्सचा शेअर सुमारे ८ टक्क्यांनी कोसळला.

दोष काय होता, ते २३ जानेवारी २०१७ रोजी सांगितलं गेलं. ७०० अभियंते, दोन लाख फोन, ३० हजार सुट्या बॅटऱ्या आणि बाहेरच्या तीन तपास संस्था, इतकं सगळं त्यासाठी लागलं. पहिल्या पुरवठादाराच्या बॅटरीत वरच्या उजव्या कोपऱ्यात जागाच पुरेशी नव्हती, त्यामुळे आतल्या ऋण पट्टीची (इलेक्ट्रोडची) टोकं दुमडत होती. दुसऱ्याच्या बॅटरीत धन पट्टीच्या वेल्डिंगवर धातूची टोकं राहून गेली होती, काहींत तर इन्सुलेशनची टेपच लावलेली नव्हती. दोन्हींत दोन पट्ट्यांमधला पातळ पडदा भेदला जाई, शॉर्ट सर्किट होई, आणि एकदा उष्णता वाढू लागली की आतला ज्वलनशील द्रव ती आणखी वाढवत नेई. कंपनीने पुरवठादारांची नावं घेतली नाहीत, पण बाजाराला ती माहीत होती : सॅमसंगचीच भावंड कंपनी सॅमसंग एसडीआय, आणि जपानच्या टीडीकेच्या मालकीची एटीएल. पहिल्या माघारीनंतर सगळा भार दुसऱ्या पुरवठादारावर आला आणि तिथे वेगळाच दोष निघाला. पहिल्या दोषाचा शोध पूर्ण होण्याआधी बदली फोन वाटण्याचा तो निर्णय या प्रकरणातली सर्वांत महागडी चूक ठरला.

आता नऊ वर्षं मागे जाऊ. १४ ऑगस्ट २००७ रोजी नोकियाने बीएल-५सी या बॅटरीबद्दल इशारा दिला. डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात जपानच्या मात्सुशिताने बनवलेल्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या चार्ज होताना तापू शकतात, अशा सुमारे १०० घटना घडल्या आहेत, हव्या त्यांना फुकट बदलून देऊ. नोकिया ११०० पासून ६६०० पर्यंत तेव्हाच्या कितीतरी फोनांत तीच बॅटरी असे. महाराष्ट्रात गावोगाव लोकांनी मागचं झाकण काढून बॅटरीवरचा लांबलचक क्रमांक तपासला, दुकानांत गर्दी झाली, मोबाइल फुटतो अशा अफवा पसरल्या. नोट ७ च्या पहिल्या माघारीतल्या फोनांच्या अठरा पटींहून अधिक बॅटऱ्यांचा हा मामला होता. आणि नोकियाचं काय बिघडलं? त्याच वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत कंपनीचा जगातला वाटा ४० टक्क्यांपर्यंत पोहोचला. नोकिया पुढे बुडाली, पण त्याला कारण टचस्क्रीन आणि सॉफ्टवेअर. बॅटरीचा त्यात काही संबंध नव्हता.

हा फरक कुठून आला? दोष नोकियाचा किरकोळ आणि सॅमसंगचा गंभीर, एवढं उत्तर पुरत नाही. टॉर्चचे सेल बदलावेत तशी बीएल-५सी बदलता येत होती. ग्राहक दुकानात गेला, नवी बॅटरी घातली, आणि तोच फोन, तीच नाव-नंबरांची यादी घेऊन घरी आला. तो नोकियाच्या घरातून एक क्षणही बाहेर पडला नाही. सॅमसंगनेही २०१४ च्या नोट ४ पर्यंत मागचं झाकण उघडता येईल असं ठेवलं होतं. नोट ५ पासून ते सीलबंद झालं. फोन सडपातळ आणि देखणा झाला, पुढे नोट ७ मध्ये पाणीही आत शिरेनासं झालं, आणि बॅटरी बदलायची सोय गेली. त्यामुळे दोष काही ग्रॅमच्या बॅटरीत असूनही परत घ्यावा लागला तो सबंध फोन. ग्राहकाच्या हातात पैसे परत आले, आणि ते कधी, तर आयफोन ७ दुकानात आणि गूगलचा पहिला पिक्सेल ४ ऑक्टोबरला जाहीर झालेला असताना. प्रतिस्पर्ध्याने जाहिरातीवर कितीही खर्च केला तरी खिशात पैसे आणि हातात फोन नाही असा, सर्वांत महागडा फोन घेणारा ग्राहक एकगठ्ठा त्याला कुठे मिळतो? सॅमसंगने तो स्वतः बाजारात आणून सोडला. नोट ७ बद्दल बोलताना आग आणि धुराची चर्चा होते. स्पर्धेच्या दृष्टीने मला निर्णायक वाटतं ते हे सीलबंद झाकण.

मग तो ग्राहक गेला कुठे? आयडीसी या बाजार-संशोधन संस्थेच्या मोजणीनुसार २०१६ च्या शेवटच्या तिमाहीत ॲपलने ७ कोटी ८३ लाख फोन पाठवले, सॅमसंगने ७ कोटी ७५ लाख. पहिला क्रमांक हातचा गेला, पण थोडक्यात, आणि पुढच्याच तिमाहीत तो परत आला. एलजीने त्याच काळात काढता येण्याजोग्या बॅटरीचा व्ही२० बाजारात आणला होता. त्याच देशातल्या दुसऱ्या उद्योगघराण्याचा फोन, मोठा पडदा, नेमकी हवी ती सोय! त्याचा एलजीला म्हणण्यासारखा फायदा झाला नाही आणि एप्रिल २०२१ मध्ये कंपनीने मोबाइलचा धंदाच बंद करण्याची घोषणा केली. दुसऱ्याचा अपघात तुमची विक्री तेव्हाच वाढवतो, जेव्हा तुमचा फोन, तुमचं नाव आणि तुमची दुकानं आधीपासून तयार असतात. ॲपलकडे ते सगळं होतं.

सॅमसंग सावरली कशी, हाही प्रश्न आहे. २०१६ च्या तिसऱ्या तिमाहीत मोबाइल विभागाचा नफा वर्षभरापूर्वीच्या २.४ लाख कोटी वॉनवरून ०.१ लाख कोटी वॉनवर आला. जवळपास सगळाच गेला. तरी चौथ्या तिमाहीत सबंध कंपनीचा नफा ९.२ लाख कोटी वॉन होता, कारण मेमरी चिप आणि पडदे तेजीत होते. पुढच्या वर्षी आयफोन टेनचा ओएलईडी पडदाही सॅमसंगनेच बनवून दिला. प्रतिस्पर्ध्याला माल पुरवून कमावलेल्या पैशांनी आपल्या फोनचा खड्डा भरला गेला. फक्त फोन विकणारी लहान कंपनी अशा फटक्यातून उठली असती असं मला वाटत नाही. म्हणजे सुरक्षेतला दोष कंपनीला जी शिक्षा देतो, ती दोषाच्या आकाराइतकीच कंपनीच्या तिजोरीवरही ठरते. यात मला अन्याय दिसतो, पण बाजार असाच चालला.

मात्र पैशांनीच सगळं झालं असंही नाही. विकले गेलेले ३० लाखांहून अधिक फोन होते, त्यांतले ९६ टक्के जानेवारीपर्यंत परत आले. विमानतळांवर बदलीचे काउंटर लावले, आगीला दाद न देणारी खोकी ग्राहकांना पाठवली, जे परत करत नव्हते त्यांच्या फोनचं चार्जिंग सॉफ्टवेअरने बंद पाडलं. १९९५ मध्ये याच कंपनीच्या गुमी कारखान्यात अध्यक्ष ली कुन-ही यांनी सदोष निघालेली सुमारे दीड लाख उपकरणं कामगारांसमोर जाळायला लावली होती. तो प्रसंग माहीत असलेल्या पिढीला २०१६ ची नामुष्की किती जिव्हारी लागली असेल, हे समजू शकतं. पुढचा एस८ नेहमीप्रमाणे फेब्रुवारीत बार्सिलोनाच्या मेळाव्यात आला नाही. तो २९ मार्चला आला आणि त्यात बॅटरी ३,००० एमएएचचीच ठेवली. बॅटरीसाठी आठ टप्प्यांची तपासणी आली. २०१९ मध्ये परीक्षकांच्या हातात कंपनीच्या घडी होणाऱ्या नव्या फोनचे पडदे निकामी होऊ लागले, तेव्हा विक्रीला काही दिवस उरले असताना कंपनीने ती थांबवली आणि सप्टेंबरात सुधारलेला फोन आणला. घडीचा फोन सर्वांआधी आणण्याची शर्यत तेव्हाही होतीच.

चीनमध्ये जखम भरली नाही. पहिल्या माघारीत तिथले ग्राहक जवळजवळ वगळलेच होते, त्यांची बॅटरी दुसऱ्या पुरवठादाराची, म्हणून. मग तिथेही फोन पेटल्याच्या बातम्या आल्या आणि ११ ऑक्टोबरला १,९०,९८४ फोन परत मागवावे लागले. आपल्याला कमी लेखलं, ही भावना मागे राहिली. २०१३ मध्ये तिथे सुमारे २० टक्के असलेला वाटा २०१८ मध्ये एक टक्क्याच्याही खाली गेला. सगळं खापर नोट ७ वर फोडता येणार नाही. हुआवे, ओप्पो, विवो आणि शाओमी यांनी ही घसरण आधीच सुरू केली होती. भारतातही २०१७ च्या शेवटच्या तिमाहीत काउंटरपॉइंट या संशोधन संस्थेच्या मोजणीत शाओमी २५ टक्के आणि सॅमसंग २३ टक्के झाली, आणि ते घडलं दहा-बारा हजारांच्या फोनमुळे. किंमत हेच आपल्याकडचं मैदान होतं.

नोट ७ च्या प्रकरणात प्रतिस्पर्धी बहुतेक गप्प राहिले, आणि त्याला कारण होतं. सगळ्यांचे सेल त्याच मोजक्या कारखान्यांतून येतात. २००६ मध्ये सोनीच्या सेलमुळे डेलला ४१ लाख आणि ॲपलला १८ लाख लॅपटॉप बॅटऱ्या परत घ्याव्या लागल्या होत्या. एकाच कारखान्यातला दोष दोन प्रतिस्पर्ध्यांच्या दारात पोहोचला. एटीएलसुद्धा ॲपलची पुरवठादार होती.

युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमांनुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून, काही अपवाद सोडता, वापरणाऱ्याला स्वतः काढता येईल अशी बॅटरी उपकरणांत द्यावी लागणार आहे. बीएल-५सीच्या ग्राहकाला मिळालेली सोय कायद्याने परत येते आहे. आपल्याकडे मोबाइल, बॅटरी आणि पॉवर बँक यांना भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला धोकादायक वस्तू बाजारातून परत मागवण्याचा अधिकारही दिला आहे. पण अमेरिकेत सॅमसंगवर दबाव आला तो ९२, २६, ५५ हे आकडे एका सरकारी आयोगाने जाहीरपणे मांडल्यामुळे. फोन पेटल्याची बातमी आपल्याकडे जिल्ह्याच्या पानावर येते आणि तिथेच विरते. मोजदादीत न आलेल्या अपघाताची भीती कुठल्याच कंपनीला वाटत नाही. म्हणून फोनची बॅटरी फुगली, फोन हाताला चटका बसेल इतका तापला, तर तो चार्जिंगवरून काढून बाजूला ठेवा, बिल आणि मॉडेल क्रमांक जपा, आणि दुकानदाराने गुपचूप बदलून दिला तरीही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा.