विमानाची निगा : नोंद आणि पूर्वानुमान

भाकीत आणि पूर्वानुमान हे शब्द व्यवहारात एकाच अर्थी वापरले जात असले, तरी त्यांत भेद आहे. भाकितामागे अधिकारवाणी पुरते. पूर्वानुमानामागे नोंद असावी लागते. प्रचंड माहितीसाठे व यंत्रशिक्षण यांच्या आधारे विमानाचा बिघाड आधीच ओळखण्याची आजची पद्धती दुसऱ्या प्रकारात मोडते. तिचे बळ आणि तिची मर्यादा ही दोन्ही नोंदीतच आहेत.

बंगळूरचा या विषयाशी जुना संबंध आहे. शहराच्या दक्षिणेकडील जयनगर ही आखीव वसाहत 1948 साली आकारास आली. त्याच्या 8 वर्षे आधी, डिसेंबर 1940 मध्ये, सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने व म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने शहराच्या पूर्वेस हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापन झाली होती. महायुद्धात 1943 पासून तेथे नव्या बांधणीपेक्षा अमेरिकी हवाई दलाच्या विमानांची दुरुस्ती हेच मुख्य काम झाले. जयनगर वसण्यापूर्वीच या शहराने विमान दुरुस्तीची विद्या आत्मसात केली होती, असे म्हणावयास हरकत नाही.

पूर्वीची रीत प्रामुख्याने ठरावीक मुदतीची होती. उड्डाणाचे अमुक तास भरले की भाग उतरवावा, उघडावा, तपासावा. भाग जितका जुना, तितका तो निकामी होण्याचा संभव अधिक, हे तिच्यामागील गृहीतक होय. युनायटेड एअरलाइन्समधील नॉवलन व हीप यांच्या 1978 च्या अहवालाने त्यास धक्का दिला. त्यांनी अभ्यासलेल्या भागांपैकी सुमारे 11 टक्के भागांतच वय व बिघाड यांचा ठळक संबंध दिसला. साहजिकच लक्ष वयाकडून अवस्थेकडे वळले.

अवस्था कळते ती इंजिनावरील संवेदकांमुळे. बाहेर पडणाऱ्या वायूंचे तापमान, तेलाचा दाब, कंपने यांची मोजमापे उड्डाणागणिक साठत जातात. एकाच प्रकारच्या उड्डाणांत तापमान हळूहळू चढत असेल, तर आतील झीज वाढत असल्याचा तो संकेत असू शकतो. यंत्रशिक्षण म्हणजे असे संकेत नियमरूपाने आधी सांगून न ठेवता, जुन्या इंजिनांच्या नोंदींतून संगणकाने स्वतःच हुडकणे. येथे एक अडचण उद्भवते. विमानांत गंभीर बिघाड विरळा घडतात. म्हणून निरोगी अवस्थेची उदाहरणे अगणित, तर बिघाडाची मोजकीच असतात. शिवाय इशारा मिळताच भाग काढून घेतल्यास तो खरोखर बिघडला असता काय, हे कार्यशाळेतील तपासणीचा निष्कर्ष लिहून ठेवल्याखेरीज कळत नाही. खोटा इशारा खर्च वाढवितो. हुकलेला इशारा जीव घेऊ शकतो.

भाषेच्या अभ्यासकास अधिक जवळचा भाग यापुढे आहे. सर्वच माहिती आकड्यांत नसते. वैमानिकाची तक्रार व तंत्रज्ञाचा शेरा हे शब्दांत असतात, तेही घाईने, संक्षेपांत लिहिलेले. एक जण ‘गळती’ लिहितो, दुसरा ‘पाझर’, तिसरा नुसते ‘ओलसर’. हे एकाच दोषाचे पाठभेद आहेत की तीन वेगळ्या अवस्था, हे ठरविल्याशिवाय संगणकास त्यांची बेरीज करता येत नाही. हस्तलिखितांच्या संपादकासही असाच प्रश्न पडतो. विमान-उद्योगास शब्दांची ही संदिग्धता पूर्वीच जाणवली होती. युरोपीय विमान उत्पादकांच्या संघटनेने 1986 साली देखभालीच्या पुस्तिकांसाठी नियंत्रित इंग्रजी सिद्ध केली; शक्यतो एका शब्दास एकच अर्थ, हे तिचे सूत्र. तथापि ती पुस्तिकांची भाषा आहे. हातघाईचा शेरा तिच्या शिस्तीत सहसा बसत नाही.

नोंदीची किंमत 28 एप्रिल 1988 रोजी हवाई बेटांवर दिसून आली. अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग 737 विमानाचे वरचे कवच उड्डाणात फाटून गेले व एक हवाई सेविका मृत्युमुखी पडली. विमानाने 89,680 उड्डाणे केली होती. खाऱ्या हवेत व दाबाच्या प्रत्येक चढउतारात सांध्यांतील तडे वाढत गेले होते. चढताना एका प्रवासी स्त्रीने कवचावरील तडा पाहिला होता, परंतु ती कोणाशी बोलली नाही. तपासणीतही तडे हेरले गेले नव्हते. जे लिहिले गेले नाही, त्यावरून कोणतेही यंत्र अनुमान करू शकत नाही.

म्हणून या पद्धतीने तंत्रज्ञाचे काम कमी महत्त्वाचे होत नाही. संगणक संभाव्यता सांगतो. विमान उड्डाणास योग्य असल्याची सही परवानाधारक माणूसच करतो. त्याने आज लिहिलेला नेमका शब्द हाच उद्याच्या पूर्वानुमानाचा आधार असतो.