ताटातला धडा प्रत्येक तासाला

‘संतुलित आहार’ हा धडा विज्ञानाच्या पुस्तकात असतोच. मुले जीवनसत्त्वांची नावे पाठ करतात, परीक्षेत बिनचूक लिहितात आणि मधल्या सुट्टीत चटपटीत पाकीट फोडतात. माहिती वहीत राहते, ताटापर्यंत पोहोचत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) देशातील 15 ते 19 वयोगटातील सुमारे 59 टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे प्रश्न केवळ गुणांचा नाही.

यावर नवा विषय किंवा जादा तास हा उपाय नव्हे. आहे त्याच तासांना अन्न आणता येते.

गणितापासून सुरुवात करू. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे 100 ग्रॅम धान्य आणि 20 ग्रॅम डाळ धरलेली असते. सहावी ते आठवीसाठी 150 आणि 30 ग्रॅम. मग 35 मुलांच्या चौथीला डाळ किती लागेल? उत्तर 700 ग्रॅम. हे उदाहरण मुले तराजूवर करून पाहू शकतात.

भूगोलाच्या तासाला सोलापूरकडे ज्वारी आणि कोकणात भात का, हे विचारले की पाऊस आणि माती आपोआप शिकवली जाते. इंग्रजीच्या तासाला बिस्किटाच्या पुड्यावरचा मजकूर वाचता येतो. त्यावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. साखर दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर दिसली, तर वेगळा उपदेश करावा लागत नाही.

विज्ञानात रक्तक्षयाचा धागा जोडता येतो. डाळी आणि पालेभाज्यांतील लोह शरीर कमी प्रमाणात शोषते. सोबत लिंबू, आवळा किंवा पेरू असेल तर त्यातील ‘क’ जीवनसत्त्वामुळे शोषण वाढते; जेवणाबरोबर चहा घेतला तर घटते. शाळेला परसबाग असेल तर मेथी पेरण्यापासून निवडण्यापर्यंतचा सारा धडा तिथेच होतो.

एक पथ्य मात्र पाळायला हवे. कोणाच्या डब्यात काय आहे, कोण जाड, कोण बारीक, याची वर्गात चर्चा नको. डबा घरच्या परिस्थितीप्रमाणे येतो. त्यावरून मूल खजील झाले तर पुढचे काहीच शिकत नाही.

शाळेतले हे शिक्षण घरी टिकवणे पालकांच्या हाती आहे. आठवडी बाजाराला जाताना मुलाला सोबत न्यावे, भाजी त्याला निवडू द्यावी. स्वतः निवडलेली भाजी मूल निदान चाखून तरी पाहते.