टचपॅडचा दोष व ड्रायव्हरची दुरुस्ती

लॅपटॉपवरील टचपॅड बोटाचे स्थान आडव्या व उभ्या अंकांत मोजते. ते अंक वाचून पडद्यावरील बाण हलविण्याचे काम 'ड्रायव्हर' ही आज्ञावली करते. आपल्या सीमा कोठून कोठपर्यंत आहेत, हेही टचपॅडच ड्रायव्हरला कळविते. ही माहितीच चुकीची असल्यास बाणाची चाल बिघडते.

थिंकपॅड मालिकेतील काही लॅपटॉपांत असा दोष आढळून आला. त्यावर लिनक्स प्रणालीच्या कार्यकर्त्यांनी २०१४ मध्ये सुटसुटीत उपाय योजिला. सदोष टचपॅडची ओळखचिन्हे व त्यांच्या खऱ्या सीमा यांचा तक्ता ड्रायव्हरमध्येच समाविष्ट करण्यात आला. ड्रायव्हर प्रथम टचपॅडची ओळख पटवितो आणि तक्त्यात नोंद असल्यास तेथील आकडेच प्रमाण मानतो. यंत्र उघडावे लागत नाही.

तथापि कोणी तरी प्रत्यक्ष मोजून कळविल्याखेरीज अशी नोंद होत नाही. म्हणून बाण अडखळू लागताच शाळांनी व कार्यालयांनी लॅपटॉप निकामी ठरवू नये. प्रथम प्रणाली अद्ययावत करावी. दोष कायम राहिल्यास माउस जोडून काम चालू ठेवावे आणि मॉडेल क्रमांकासह दोषाचे स्वरूप प्रणालीच्या कार्यकर्त्यांना कळवावे. एकाने केलेली अचूक नोंद त्याच जातीच्या सर्व यंत्रांच्या उपयोगी पडते.