आजी, आधी श्वास सोडा

सीओपीडी, म्हणजे धाप लागणारा फुप्फुसांचा जुनाट आजार, म्हटलं की विडी ओढणारा म्हातारा डोळ्यांपुढे येतो. टेंभुर्णी परिसरातून माझ्यापुढे येऊन बसणाऱ्यांत मात्र बायका पुष्कळ, आणि त्यांनी विडीला कधी हात लावलेला नसतो. चुलीत तुराट्या, गोवऱ्या, चिपाडं सारण्यात जन्म गेलेला. गॅस आला तरी भाकरी आणि अंघोळीचं पाणी चुलीवरच. त्यात हा साखर कारखान्यांचा पट्टा. ऊस तुटला की फडात पाचट पेटतं आणि रात्री धाप वाढते. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीबद्दल लिहिलं, तेव्हा या बायकांची दखल घेतली गेली असं मला वाटतं.

अशा एखाद्या आजी समोर बसल्या की “घरी घेता तसा औषधाचा पंप घेऊन दाखवा,” एवढंच मी आधी म्हणते. आजी टोपण काढतात, पंप न हलवताच तोंडात धरतात, दाबतात आणि मग श्वास ओढायला लागतात. तोवर औषध जिभेवर, टाळ्यावर बसलेलं असतं. थोडा पांढरा फवारा ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर येतो. रोज औषध घेऊनही गुण का नाही, ते तिथंच कळतं.

“आधी श्वास सोडा. अजून सोडा. आता नळी ओठांत घट्ट धरा. ओढायला लागा अन् लगेच दाबा. सावकाश, ओढत राहा. आता धरून ठेवा.” मी बोटांवर दहा मोजते. चारावरच खोकला येतो, मग थोडं थांबून पुन्हा. दाबणं आणि ओढणं एका वेळी जमतच नसेल तर स्पेसर जोडायचा. फवारा त्या नळकांड्यात थांबतो, ओढायला उसंत मिळते. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच वाळू द्यायचा. फडक्यानं कोरडा पुसला की औषध आतल्या प्लास्टिकलाच चिकटतं. भुकटीच्या कॅप्सूलचं यंत्र असेल तर उलटं, तिथं जोरात ओढायचं. एकाच पिशवीत दोन्ही निघतात, तेव्हा गोंधळ ठरलेलाच.

आता पंप फोनला जोडता येतो. लुपिन या औषध कंपनीनं ॲडहेरो नावाचं उपकरण भारतात आणलं. ते पंपावर बसवायचं, मग पंप कधी दाबला ते ब्लूटूथनं मोबाइलवर दिसतं. अशी नोंद मला फार मोलाची वाटते. “घेते की रोज” या उत्तरामागचं खरं तारखेनिशी पुढे येतं. सकाळ-संध्याकाळचा पंप चुकलेला आणि तात्पुरत्या आरामाचा मात्र रात्री दोनला, तीनला दाबलेला. रागवायला नाही, डोस वाढवण्याआधी विचारपूस करायला ही नोंद हवी. पण जिभेवर उडालेला फवाराही त्यात घेतल्याचाच दिसेल. तो छातीत गेला का, हे शेजारी बसूनच बघावं लागतं. आणि आजींचा फोन बटणांचा, मुलगा एमआयडीसीत पाळीवर. म्हणून जोडायचाच तर सुनेचा फोन जोडा, असं मी सांगते. दिवसभर त्यांच्याजवळ तीच असते.

पंपातली औषधाची डबी संपली हेही पुष्कळदा कळत नाही. आकडा दाखवणारी खिडकी नसेल तर औषध संपल्यावरही नुसता वायू फुसफुसत राहतो आणि आजी तोच घेत राहतात. इथं मोजणारं यंत्र खरंच हवं. ते नसेल तर नवी डबी उघडली की तिच्यावर पेननं तारीख घालायची. १२० फवाऱ्यांची डबी, सकाळी दोन, संध्याकाळी दोन, म्हणजे ३० दिवस.